भिंतीतलं खवलं

जमुनाबाईनं दुधराम पाटलावरचा राग आठ वर्षं जपला होता. बियाण्याचं धान जपावं तसा जपला होता, कडुनिंबाचा पाला घालून, मधूनमधून ऊन दाखवून, कीड लागू न देता. डोहटोल्यात लोक भांडत नसत असं नाही. भांडत, डोकी फोडत, आणि पुढच्या पोळ्याला एकमेकांच्या बैलाला पोळी भरवत. जमुनाबाईला हे विसरण्याचं कसब कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनं ते शिकायचा प्रयत्नही केला नाही.

गोष्ट १९९९ च्या भादव्यातली. तिचा नवरा बकाराम नान्हे, ढिवर. जात मासेमाराची, पण पोटासाठी दुधरामकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा गडी. कामातून सुटी मिळाली की जाळं खांद्यावर टाकून मोहझरी नाल्याच्या डोहावर जाई. त्या दिवशी पहाटे त्याच्या जाळ्यात पिवळी आली. पिवळी म्हणजे डोहाची राणी. सोन्याच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं अंग, कल्ले लाल, आणि खवलं एवढालं की एका खवल्यानं माणसाचा डोळा झाकावा. चार किलोच्या वरची होती. जमुनाबाईनं ती पळसाच्या पानांखाली टोपलीत घातली आणि कोहमाऱ्याच्या फाट्यावर ढाब्यांसमोर मासोळीवाल्या बायांच्या रांगेत जाऊन बसली.

गावचा तलाव तेव्हा दुधरामनं ठेक्यानं घेतला होता. तो जीपमधून उतरला, काठीच्या टोकानं पळसाचं पान उचललं आणि ही मासोळी माझ्या तलावातली आहे म्हणाला. जमुनाबाईनं त्याला समजावलं. तलावात कतला आहे, रोहू आहे, त्यांचं खवलं असं नसतं, ही डोहाची आहे, हात लावून पाहा. दुधराम खदखदून हसला.

"मासोळी म्हणजे मासोळी," तो म्हणाला. "तू मले खवल्यायचा धडा देऊन राहिलीस का?"

त्यानं पिवळीच्या कल्ल्यातून सुतळी ओवली आणि ती जमुनाबाईच्या गळ्यात घातली. साकोलीची बस येईपर्यंत तिला ढाब्यासमोर उभं केलं. ट्रकवाले जेवता जेवता पाहत होते. चार किलोचा तो भार छातीवर लोंबत होता, रक्त आणि चिकट पाणी चोळीतून पोटापर्यंत उतरत होतं, माश्या घोंगावत होत्या. तिनं मान खाली घातली नाही. मग कोणीतरी बकारामला बोलावून आणलं. तो धावत आला, बायकोकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "चुकलं मालक."

ज्यानं स्वतः कंबरभर पाण्यात उभं राहून ती मासोळी धरली होती, तो चुकलं म्हणाला. जमुनाबाईला दुधरामची सुतळी गळ्याला कापली नाही एवढे हे दोन शब्द कापले.

दुधरामनं ती मासोळी तिथल्याच ढाब्यावर रांधायला दिली आणि चौघं मिळून खाल्ली. घरी येऊन जमुनाबाई आंघोळीला बसली तेव्हा मानेला, वाळलेल्या रक्तात, एक खवलं चिकटलेलं निघालं. तिनं ते फेकलं नाही. स्वयंपाकघराची भिंत नुकतीच मातीनं थापली होती, ओली होती. चुलीच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर तिनं ते अंगठ्यानं दाबून बसवलं. रोज सकाळी चूल पेटवली की जाळाच्या उजेडात ते चमके, आणि जमुनाबाईचा दिवस सुरू होई.

आणखी एक गोष्ट तिनं केली. मासोळीचं डोकं घरातल्या कर्त्या माणसाच्या ताटात पडतं. त्या दिवसापासून बकारामच्या ताटात डोकं पडलं नाही. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. डोकं मांजरीपुढे टाकायची आणि शेपटीकडचा तुकडा नवऱ्याला वाढायची. बकाराम खाली मान घालून खायचा. त्यालाही कारण विचारायची गरज नव्हती.

पुढं खदान आली. डोंगराच्या पलीकडे कोळशाच्या भुयारी खदानीचं तोंड उघडलं आणि जमिनीखालून माणसं डोहटोल्याच्या दिशेनं कोरत येऊ लागली. वर कोणाला काही दिसत नसे. दुपारी दोनच्या सुमाराला पायाखाली धडधड होई, फळीवरची ताटं एकमेकांना लागत, कोंबड्या पंख झाडत, बस. दुधरामनं तलावाचा ठेका ठेवलाच, वर कंपनीला माणसं पुरवायचा ठेका घेतला. खदानीचं दुसरं तोंड त्याच्याच बांधावर उघडणार होतं. त्यानं अंगणात फरशी घातली आणि लोक त्याला पाटील सोडून पाटीलसाहेब म्हणू लागले.

२००७ च्या फागुनात डोहाचं पाणी उतरलं. उन्हाळ्यात उतरतं तसं नाही. काठावरच्या काळ्या दगडावर पाण्याची जी रेघ असते ती जमुनाबाईनं सोमवारी पाहिली होती. गुरुवारी पाणी त्या रेघेच्या हातभर खाली होतं. काठाला एक चीर पडली होती, तिच्यात हाताचा पंजा उभा जाई. कान लावला तर आत खोलवर पाणी गळत असल्याचा आवाज ऐकू येई. बारक्या मासोळ्या चिखलात तोंड वर करून पडल्या होत्या, बगळ्यांची चंगळ होती. बकारामनं जाळं टाकलं, ओढलं, पुन्हा टाकलं. जाळ्यात गाळ आला आणि एक फुटकी चप्पल.

चैताच्या सुरुवातीला अल्का मॅडम आल्या. अल्का मेश्राम, विद्यापीठातल्या, मासोळ्यांचा अभ्यास केलेल्या. वय तिशीच्या आत, पायात पुरुषी बूट, डोक्याला रुमाल. कंपनीला आता नाल्याखालचा कोळसा काढायचा होता, आणि त्याआधी नाल्यातल्या मासोळ्यांवर काय परिणाम होईल ते तपासा असं वरून पत्र आलं होतं. तपासायला जाळं टाकणारी माणसं हवी होती. बकाराम, मालकाच्या गोठ्याचं सकाळ-संध्याकाळ उरकून, आणि जमुनाबाई रोजीनं लागले.

बारा दिवस त्यांनी नाला विंचरून काढला. बकाराम जाळं टाकी, जमुनाबाई घमेल्यात पाणी भरून मासोळ्या अल्काकडे आणी. अल्का एकेक मासोळी मोजपट्टीवर ठेवून वहीत लिही आणि परत पाण्यात सोडी. धरलेली मासोळी सोडून देताना बकारामचा जीव तुटे, पण रोजीचं काम होतं. उन्हानं तिघांच्याही माना सोलून निघाल्या. अल्काची आई चोरखमाऱ्याकडे लोकांच्या बांध्यांत, धानाच्या शेतांत, रोवणं करून म्हातारी झाली होती. त्यामुळे या बाईला चिखलात बसून भाकर खायला लाज नव्हती. जमुनाबाईला ती म्हणूनच पटली.

खाली खदानीत कोळशाचेच खांब सोडलेले असतात, छत पेलायला, हे अल्कानं एकदा जेवताना सांगितलं. आता कंपनी ते खांबही काढून नेणार. खांब गेले की वरची जमीन बसते, चिरा पडतात, नाल्याचं पाणी खाली उतरतं. आत्ताची चीर म्हणजे नुसती सुरुवात होती. पण एक मासोळी सरकारच्या जपायच्या यादीत आहे, ती या डोहातली असल्याचं सिद्ध झालं तर डोहाखालच्या खांबांना हात लावता येणार नाही. पुस्तकात तिला महसीर म्हणतात. अल्कानं चित्र दाखवलं. जमुनाबाईनं पाहिलं आणि तिच्या हातातला घास हातातच राहिला. चित्रात पिवळी होती.

पण बारा दिवसांत पिवळी एकदाही जाळ्यात आली नव्हती. आणि ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा एक कागद अल्काच्या फाइलीत होता, की अशी मासोळी मोहझरीच्या डोहात कधी नव्हती. पुरात तलावातल्या मासोळ्या वाहून येतात तेवढ्याच. खाली सही होती दुधरामची, तलावाचा ठेकेदार म्हणून.

त्याच दुपारी अल्का एका मासोळीचं खवलं चिमट्यानं काढून भिंगाखाली पाहत होती. जमुनाबाईनं विचारलं तेव्हा तिनं भिंग तिच्या डोळ्याला लावलं. खवल्यावर झाडाच्या बुंध्यावर असतात तशा गोल रेघा होत्या. मासोळी आपलं वय खवल्यावर लिहून ठेवते, अल्का म्हणाली, कोणतं वर्ष सुखाचं गेलं नि कोणतं उपासाचं, सगळं. खवल्यावरून जातही कळते.

जमुनाबाईनं भिंग खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "आठ सालाचं जुनं खवलं चालते का बाई?"

चालेल, अल्का म्हणाली. पण ते याच डोहातलं, हे सांगणारं कोणीतरी पाहिजे. "आणि मावशी, घरचं माणूस नको. कंपनी म्हणेल, पढवून आणलंय."

घरचं नको. मग कोण? तेव्हाचे ट्रकवाले कुठले कुठं गेले होते. ढाबेवाला आता कंपनीच्या कामगारांना डबे पुरवत होता, तो काय बोलणार. मासोळीवाल्या बाया जमुनाबाईच्याच जातीच्या, त्यांचं कोण ऐकणार. घरी येऊन तिनं चूल पेटवली आणि भिंतीकडे पाहत बसली. भात करपला तरी तिचं लक्ष नव्हतं. ती पिवळी डोहातली होती हे बाहेरच्या एकाच माणसाला सांगून झालं होतं, नि त्यानं ऐकून हसून घेतलं होतं. त्याच्याच तोंडून ते वदवायचं, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बकारामला खवलं दाखवलं. जसं काही त्यानं ते आठ वर्षांत पाहिलंच नव्हतं. त्याची किंमत सांगितली, पाटलाच्या कागदाची गोष्ट सांगितली, आणि बजावलं, "कोनाले सांगू नका. पाटलाले त बिलकुल नोका सांगू."

बकारामच्या तोंडात तीळ भिजत नसे हे तिला बावीस वर्षांच्या संसारात चांगलंच कळलं होतं. मालकापुढं तर तो उलटा टांगलेल्या पोत्यासारखा रिकामा होई. संध्याकाळी तो मालकाच्या गोठ्यातून परतला तेव्हा त्यानं बायकोच्या नजरेला नजर दिली नाही. जमुनाबाईनं ओळखलं, मालकाला सांगून आला, माशानं गळाची गरी गिळली.

सकाळीच दुधराम आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं गाढव म्हणावं अशी जमुनाबाई नव्हती आणि हरी म्हणावा असा दुधरामही नव्हता, पण तो तिच्या ओसरीवर येऊन बसला खरा. याआधी तो कधी त्या गल्लीत आला नव्हता. त्यानं गोड बोलून पाहिलं. बकारामला खदानीत पक्कं काम लावून देतो म्हणाला. मग आवाज चढवला, साल सोडवीन म्हणाला. बकाराम अंगणात बैलाचं दावं वळत बसल्यासारखं करत होता.

जमुनाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. खवलं द्यायला तयार आहे म्हणाली. तिला काम नको, काही नको. फक्त कोहमाऱ्याच्या फाट्यावर, त्याच ढाब्यासमोर, त्याच बायांपुढं पाटलानं एक वाक्य म्हणायचं. त्या सालची मासोळी डोहाची होती, तलावाची नव्हती, जमुनानं चोरी केली नव्हती.

"एवढंच?" दुधराम म्हणाला.

"एवढंच. मंग्रवारी दहा वाजता. आपल्या हातानं खवलं देतो तुमाले."

दुधराम मनात हसला असणार. मासोळ्या विकणाऱ्या सात-आठ बायांपुढं काहीही बोललं तरी ते ढाब्याच्या धुरात विरून जाणार होतं. कागदावर त्याची सही होती, शिक्का होता. बाईमाणसाचा हट्ट पुरवायचा आणि पुरावा हातात घ्यायचा, यात त्याला काही तोटा दिसेना. तो गेल्यावर जमुनाबाई आपली टोपली घेऊन तलावाच्या पाळीवर गेली. दुधरामचे गडी सकाळची मासोळी काढत होते. पाळीवर एका जुन्या कतल्याची खवली पडली होती, मोठी, रुपयाहूनही रुंद. त्यांतलं सर्वांत मोठं तिनं उचललं, चुलीच्या धुरात दोन दिवस टांगून ठेवलं आणि वरून थोडी माती फासली. भिंतीतलं खवलं मात्र वरून काजळी थापून झाकून टाकलं, घरातल्या माणसालाही दिसू नये असं.

अल्काला तिनं सांगून ठेवलं होतं, मंगळवारी गोंदियाला जाताना कोहमाऱ्याला चहा प्यायला थांबा, ढाब्याच्या आतल्या बाजूला बसा, वही जवळ ठेवा. का, ते सांगितलं नव्हतं.

मंगळवारी दुधराम आला. टोपल्या मांडून बाया बसल्या होत्या, सुलोचनाबाई सर्वांत पुढं. त्या दिवशी जमुनाबाईच्या गळ्यातली सुतळी हिनंच सोडली होती. जमुनाबाई ढाब्यासमोर नेमकी त्याच जागी उभी राहिली. दुधरामनं तंबाखू थुंकला आणि हातवारे करत, तमाशातल्या सरदारासारखं, मोठ्यानं म्हणाला, "आयका वो बायाहो. त्या सालची हिची मासोळी मोहझरीच्या डोहातली होती. माझ्या तलावातली नव्हती. हिनं चोरी नव्हती केली. झालं समाधान?"

"झालं," जमुनाबाई म्हणाली आणि पळसाच्या पानातली पुडी त्याच्या हातात दिली.

त्यानं पान उघडलं. खवलं उलटंसुलटं केलं. आयुष्यभर मासोळी खाल्लेला माणूस तो. तलावाचा ठेका सोळा वर्षं त्याच्याकडे होता. पण मासोळी त्यानं ताटात पाहिली होती, नाहीतर तराजूत. साफ करायला कधी बसला नव्हता. त्यानं काडी ओढली आणि खवलं तिथंच जाळलं. ते आक्रसलं, काळं झालं, केस जळाल्यासारखा वास सुटला. राख त्यानं बुटाखाली घासली आणि जमुनाबाईकडे पाहून मिशीवरून हात फिरवला. आत, चुलीच्या मागं, अल्का वहीत तारीख आणि वेळ लिहीत होती. जीप गेल्यावर सुलोचनाबाईसकट आठही बायांनी वहीच्या त्या पानावर अंगठे उठवले.

बकारामला यातलं काही ठाऊक नव्हतं. खवलं जळाल्याचं त्यानं गोठ्यात ऐकलं, मालक ते सांगताना किती हसला हेही ऐकलं. त्या संध्याकाळी तो भाकरीला हात न लावता उठला आणि बाहेर जाऊन बसला. "माह्यापायी गेलं थे," एवढंच तो म्हणाला. जमुनाबाईच्या ओठावर आलं होतं, पण तिनं सांगितलं नाही. आठ वर्षं तिनं भोगलं, यानं आठ दिवस तरी भोगावं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही.

वैशाखात शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. कंपनीचा साहेब आला होता, हिंदी बोलणारा, रुमालानं सारखा मान पुसणारा. अल्का आणि तिचे विद्यापीठातले सर आले होते. वनरक्षक होता. बाहेर चिंचेखाली गाव जमलं होतं. आधी अल्कानं चिरेचं मोजमाप वाचलं, पाणी किती उतरलं ते वाचलं, कोणत्या मासोळ्या किती सापडल्या ते वाचलं. मग कोहमाऱ्याचं पान वाचलं.

दुधराम उठून उभा राहिला. गंमत केली होती म्हणाला. एका बाईचा जुना रुसवा होता, तिचं मन राखलं, त्याला कोणी साक्ष म्हणतं का? "अशी मासोळी डोहात होती म्हणता, त पुरावा दाखवा. कठी आहे पुरावा?"

कंपनीच्या साहेबानं मान हलवली. अल्कानं जमुनाबाईकडे पाहिलं.

जमुनाबाई व्हरांड्याच्या पायऱ्या चढून वर आली. तिच्या डोक्यावर टोपली होती, ती तिनं उतरवून टेबलावर ठेवली. आत भिंतीचं ढेकूळ होतं. सकाळी तिनं विळ्यानं भिंत कोरून ते अख्खं काढलं होतं, एका अंगाला धुरानं काळं पडलेलं, दुसऱ्या अंगाला गव्हाचं भुसकट दिसत होतं. काळ्या अंगाच्या मधोमध पिवळीचं खवलं बसलेलं होतं. अल्काच्या सरांनी पाणी मागवलं, बोटानं काजळी पुसली. खवलं उन्हात सोन्यासारखं उजळलं.

"थे कसं शक्य आहे," दुधराम ओरडला, "थे त मी जाळलो!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चिंचेखालची कुजबुज थांबली. साहेबानं मान पुसणं थांबवलं.

"क्या जलाया आपने?" त्यानं विचारलं.

दुधराम टेबलावरच्या खवल्याकडे पाहत उभा राहिला. जमुनाबाईनं या घटकेची आठ वर्षं वाट पाहिली होती, आणि ती आता घाईत नव्हती. ती त्याच्यासमोर गेली, मधे हातभर अंतर ठेवून उभी राहिली.

"तुमच्याच तलावाचा कतला होता थो, पाटील," ती म्हणाली. "मासोरी म्हंजे मासोरी. नाई का?"

पहिल्यांदा बाया हसल्या. मग चिंचेखालचे गडी हसले, दुधरामच्याच बांधावर राबणारे. दुधरामनं इकडेतिकडे पाहिलं आणि खाली बसला. त्याच्या मानेवरची शीर थडथड उडत होती. ते पाहून जमुनाबाईला आनंद झाला. लपवायचं काय, आनंदच झाला, पोटभर जेवल्यासारखा.

सरांनी भिंग लावून रेघा मोजल्या. अकरा पावसाळे पाहिलेली मासोळी, म्हणाले, आणि जात तीच.

तेवढ्यात वनरक्षकानं आपली वही पुढं ओढली. तो वाईट माणूस नव्हता, पण नियमाचा होता. मासोळी जपायच्या यादीतली आहे म्हणता, मग ती धरली कोणी, त्याचं नाव लिहावं लागेल, म्हणाला. नाव नसेल तर ती डोहातच धरली हे तरी कशावरून? आणि नाव लिहिलं तर धरणाऱ्यावर केस होऊ शकते, हेही त्यानं सांगून टाकलं. दुधरामनं मान वर केली. हसू त्याच्या मिशीत परत यायला लागलं.

याचा हिशेब जमुनाबाईनं केला नव्हता. सगळं विणलं आणि एक टाका सुटला. मी धरली असं तिनं म्हणावं तर बायामाणसानं फेकजाळं टाकलं यावर गावातलं शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नव्हतं. तिनं चिंचेकडे पाहिलं नाही. तिकडून काही येईल अशी आशा तिनं १९९९ मध्येच सोडली होती.

"मी धरलो," मागून आवाज आला.

बकाराम पायरीपाशी उभा होता. टोपी हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. मालकाच्या बांधीतून थेट आला होता.

"बकाऱ्या," दुधराम म्हणाला, हळू आवाजात, पण सर्वांनी ऐकलं.

बकारामचे हात आपोआप एकमेकांकडे जायला लागले. जमुनाबाईनं ते पाहिलं. ते अर्ध्यावर थांबले. त्यानं टोपी घट्ट धरली, जणू हातांना दुसरं काम दिलं.

"मी धरलो साहेब. मोठ्या दगडाच्या खाली, कंबरभर पान्यात. बकाराम नान्हे, लिवा." वनरक्षक लिहायला लागला. बकाराम एक पायरी वर चढला. "अन् त्या दिवसी फाट्यावर मी 'चुकलं' म्हनलो होतो. थे खोटं होतं. थे बी लिवा."

ते नियमात बसत नव्हतं, पण वनरक्षकानं लिहिलं.

पावसाळा सरता सरता कागद आला. डोहाखालचे आणि आजूबाजूचे खांब काढायचे नाहीत. तो भाग कंपनीनं बंद केला, दुसरं तोंड दुधरामच्या बांधावर उघडायचं राहिलं, माणसं पुरवायचा ठेका संपला. पाटीलसाहेबांचे परत पाटील झाले. बकारामचं साल सुटलं. वनखात्यानं त्याचं जाळं जमा करून घेतलं आणि त्याला सडक अर्जुनीच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. डोहाच्या काठावर हिरवा फलक लागला, मासेमारीस सक्त मनाई. डोहात मात्र मनाई करण्याजोगं काही राहिलं नव्हतं. पाऊस पडला तसं पाणी भरलं, आश्विनात चिरेतून खाली गेलं. पिवळी येईल परत, वरच्या अंगानं, पण वर्षं लागतील, अल्का म्हणाली. तिचा आवाज फारसा खात्रीचा नव्हता.

सुलोचनाबाईनं एकदा विचारलंच. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, तू तर पाणीच घालवून बसलीस. जाळं गेलं, साल गेलं, डोह बंद झाला. काय कमावलंस जमुने?

"बंद त बंद," जमुनाबाई म्हणाली. "त्याचं बी बंद झालं ना."

दिवाळीच्या आदल्या दिवशी ती तलावाच्या पाळीवर गेली. गडी कमी केले होते, तराजूपाशी दुधराम स्वतः बसला होता. तिनं कतला मागितला, अख्खा, डोक्यासकट. त्यानं तो काट्यावर टाकला आणि पुढं सरकवला. जमुनाबाई लगेच उठली नाही. कंबरेचा विळा काढून त्याच्यासमोरच मांडी घालून बसली आणि मासोळी साफ करायला लागली. खर्र खर्र करत खवली उडत होती, त्याच्या धोतरावर, तराजूच्या पारड्यात. तो उठून जाऊ शकत नव्हता, मागं गिऱ्हाइकं उभी होती. सगळं झाल्यावर तिनं खवल्यांचा ढीग हातानं गोळा करून त्याच्या पुढ्यात सारला.

"पाहून ठेवा पाटील," ती म्हणाली. "कतल्याचं असं रायते."

घरी तिनं तिखट रस्सा केला. चुलीच्या वर भिंतीला हातभर खड्डा तसाच होता. लिंपायला माती आणून ठेवली होती, पण तिचा हात अजून धजला नव्हता. रोज सकाळी चूल पेटवली की नजर तिथं जाई आणि तिथं काही नसे, आणि दिवस कुठून सुरू करावा हे तिला क्षणभर कळत नसे.

बकाराम ताटावर येऊन बसला. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून त्याची बोटं फाटली होती. जमुनाबाईनं भात वाढला, रस्सा वाढला, आणि पातेल्यात पळी खोल घालून कतल्याचं डोकं त्याच्या ताटात ठेवलं.

बकारामनं ताटाकडे पाहिलं. मांजर चुलीपाशी येऊन बसलं होतं, सवयीनं. तिनं त्याला हाकललं.

"खा," ती म्हणाली, "थंडं होते."

तो खायला लागला. कल्ले, गाल, डोळे, एकेक हाड चोखून बाजूला ठेवत तो बराच वेळ खात राहिला, आणि जमुनाबाई समोर बसून शेपटीकडचा तुकडा भातात कालवत होती.